जुन्या इन्व्हर्टरवरील चार्जरचे सेटिंग : बॅटरी बदलण्यापूर्वी करावयाची तपासणी

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग व नाशिक-पुणे रस्ता एकमेकांस मिळतात. येथून निघालेले वाहन काही तासांतच इगतपुरीच्या पावसाळी घाटमाथ्यावर, निफाडच्या थंड द्राक्षपट्ट्यात किंवा मालेगावच्या कडक उन्हात जाऊन पोहोचते. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण व २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. मळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांच्या निवासासाठी फिरते घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, ठेवण्याचा विचार त्यानंतर काही शेतकऱ्यांच्या मनात येऊ लागला. नवे वाहन परवडत नाही, म्हणून जुने घेतले जाते व त्याबरोबर जुना इन्व्हर्टरही येतो.

अशा वाहनासंबंधी नेहमीची तक्रार एकच असते. बॅटरी वर्षभरातच बसते. शेतकरी नवी बॅटरी आणतो आणि पुढील वर्षी तीही बसते. दोन्ही वेळा दोष बॅटरीच्या माथी मारला जातो; परंतु पुष्कळदा खरे कारण इन्व्हर्टरमधील चार्जरच्या चुकीच्या सेटिंगमध्ये असते. ते कसे ओळखावे व दूर करावे, याचे विवेचन या लेखात केले आहे. घरातील किंवा शेतावरील साध्या इन्व्हर्टरलाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात.

इन्व्हर्टरची दोन कामे

वीज नसताना बॅटरीतील वीज २३० व्होल्टच्या स्वरूपात घरगुती उपकरणांना पुरविणे, हे इन्व्हर्टरचे पहिले काम होय. वीज आल्यावर तीच बॅटरी पुन्हा भरणे, हे दुसरे. पहिल्या कामातील बिघाड दिवा विझताच कळतो. दुसऱ्या कामातील चूक मात्र अनेक महिने दिसून येत नाही. म्हणूनच ती अधिक नुकसान करते.

शिसे व गंधकाम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घर असतात. बॅटरी वापरली म्हणजे प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. बॅटरी भरली म्हणजे ते सल्फेट विरघळून आम्ल पुन्हा दाट होते. भरणे नेहमीच अपुरे राहिल्यास सल्फेट कठीण होऊन कायमचे चिकटते. भरणे प्रमाणाबाहेर झाल्यास पाण्याचे विघटन होऊन ते वायुरूपाने उडून जाते व प्लेटा झिजतात. चार्जरच्या सेटिंगचा सारा हेतू या दोन टोकांमधील मार्ग राखणे हाच आहे.

चार्जिंगच्या तीन अवस्था

बहुतेक चांगले चार्जर तीन टप्प्यांत काम करतात. पहिल्या टप्प्यात पूर्ण प्रवाह सोडला जातो व व्होल्टेज हळूहळू चढते. दुसऱ्यात व्होल्टेज स्थिर राहते व प्रवाह कमी होत जातो. यास ॲबसॉर्प्शन म्हणतात. तिसऱ्यात व्होल्टेज खाली आणून बॅटरी केवळ भरलेली राखली जाते. यास फ्लोट म्हणतात.

पाणी घालण्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ॲबसॉर्प्शन सुमारे १४.४ व्होल्ट व फ्लोट सुमारे १३.५ व्होल्ट असते. जेल बॅटरीस सुमारे १४.१ व्होल्टच्या वर नेऊ नये. बॅटरीवरील लेबलात वेगळे आकडे दिले असल्यास तेच प्रमाण मानावेत.

तपासणीपूर्वीची दक्षता

भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून वाहनाची दारे उघडी ठेवावीत व जवळपास विडी, काडी किंवा शेगडी पेटवू नये. हातांतील अंगठी व कडे काढून ठेवावे. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे घालावेत. जोडणी सोडताना आधी ऋण तार काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी लावावी. डोळ्यांत आम्ल उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. २३० व्होल्टच्या बाजूस फक्त जाणकार वायरमननेच हात घालावा.

परदेशातून आलेल्या जुन्या वाहनात आणखी एक धोका असतो. अमेरिकेतील इन्व्हर्टर १२० व्होल्ट व ६० हर्ट्झसाठी बनविलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या विजेस थेट जोडल्यास जळून जातो. त्यामुळे प्लग लावण्यापूर्वी यंत्रावरील पाटी वाचावी.

पहिली पायरी : बॅटरीची स्थिती पाहणे

बॅटरी पूर्ण भरल्यावर चार्जर बंद करावा व काहीही न चालविता तिला काही तास विश्रांती द्यावी. नंतर हायड्रोमीटरने प्रत्येक घराची घनता घ्यावी. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत ती २७ अंश सेल्सिअसला सुमारे १.२४० असावी. तापमान १० अंशांनी अधिक असल्यास वाचनात ०.००७ मिळवावे व कमी असल्यास तितकेच वजा करावे.

विश्रांतीनंतरचे व्होल्टेज ताडून पाहण्याचा एक सोपा हिशेब आहे. घनतेत ०.८४ मिळविले की एका घराचे अंदाजी व्होल्टेज येते. १.२४० अधिक ०.८४ म्हणजे २.०८, सहा घरांचे सुमारे १२.५ व्होल्ट.

सर्व घरांची घनता सारखीच कमी असल्यास संशय चार्जरवर घ्यावा. पाच घरे ठीक व एकच घर बरेच खाली असल्यास मात्र दोष बॅटरीतच असण्याचा संभव मोठा आहे. एवढ्या एका परीक्षेनेच शेतकऱ्याचा पुष्कळ खर्च वाचू शकतो.

दुसरी पायरी : चार्जरचे काम मोजणे

वीज चालू करून मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरही मोजावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असावेत. इन्व्हर्टरकडे १४.४ व बॅटरीकडे १३.९ आढळल्यास अर्धा व्होल्ट वाटेतच नष्ट होत आहे. अशा वेळी सेटिंगला हात लावू नये. बारीक तार, सैल नट किंवा टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर हे कारण असते. इगतपुरीसारख्या दमट भागात व हादरे खाणाऱ्या वाहनात हे विशेष आढळते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नये. नंतर नट घट्ट करून त्यावर पेट्रोलियम जेली लावावी.

तिसरी पायरी : चार सेटिंग तपासणे

जुन्या यंत्रांत ही सेटिंग लहान स्विचांनी, फिरत्या बटनाने किंवा वेगळ्या पॅनेलवरून केली जातात. बदल करण्यापूर्वी प्रत्येक स्विचची मूळ स्थिती कागदावर लिहून ठेवावी.

१. बॅटरीचा प्रकार. पूर्वी जेल बॅटरी असलेल्या वाहनात ट्यूब्युलर बॅटरी बसविली व सेटिंग जेलवरच राहिले, तर बॅटरी कधीच पुरती भरत नाही. उलट प्रकारात बंद बॅटरी फुगते. घरांतील भरणे समपातळीत आणण्यासाठी काही चार्जरांत १५ व्होल्टच्या वर नेणारे ‘इक्वलाइझ’ सेटिंग असते. ते फक्त पाणी घालण्याच्या बॅटरीस, उत्पादकाने सांगितले असेल तरच, व वाहनातील बॅटरीवर चालणारी उपकरणे अलग करूनच वापरावे. लिथियम बॅटरीस ते कदापि वापरू नये. ज्या चार्जरमध्ये लिथियमचे सेटिंगच नाही, त्यावर अशी बॅटरी उत्पादकाच्या संमतीशिवाय जोडू नये.

२. बॅटरीची क्षमता. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या १० ते १५ टक्के असणे हितकर असते. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीस तो १५ ते २२ अँपिअर होतो. मोठ्या वाहनातील चार्जर १०० अँपिअरपर्यंतही देऊ शकतो. चार बॅटऱ्यांच्या जागी एकच बसवून सेटिंग जुनेच ठेवल्यास ती बॅटरी तापते. शिवाय पुष्कळ चार्जर प्रवाह किती उतरला यावरून दुसरा टप्पा संपवितात. क्षमता अधिक दाखविलेली असल्यास हा टप्पा वेळेपूर्वीच संपतो व बॅटरी अपुरी राहते.

३. तापमान. या सेटिंगकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. नाशिक जिल्ह्यात मात्र त्याचे महत्त्व फार आहे. वरील व्होल्टेज सुमारे २५ अंश तापमानासाठी आहे. तापमान एका अंशाने वाढले की ते सुमारे ०.०२४ व्होल्टने कमी करावे लागते व एका अंशाने उतरले की तितकेच वाढवावे लागते. निफाडला हिवाळ्यातील काही पहाटे पारा ५ अंशांपर्यंत व त्याहूनही खाली जातो. बॅटरी ५ अंशांवर असेल तर तिला सुमारे १४.९ व्होल्ट हवेत. मालेगावात मे महिन्यात ती ४३ अंशांवर गेल्यास सुमारे १४ व्होल्ट पुरेत. एकाच जिल्ह्यात जवळजवळ ०.९ व्होल्टचे अंतर पडते! जुन्या यंत्रात ‘थंड, मध्यम, उष्ण’ असा स्विच असल्यास तो ऋतूप्रमाणे बदलावा. तापमान मोजणारी तार असल्यास ती बॅटरीलाच चिकटलेली व अखंड आहे याची खात्री करावी.

४. बाहेरून घ्यावयाचा प्रवाह. १०० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टवर १,४४० वॅट देतो. त्यातील हानी धरता तो सुमारे १,८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टच्या विजेतून अंदाजे ८ अँपिअर घेतो. एक के.व्ही.ए.चे लहान जनरेटर हा भार पेलू शकत नाही व बंद पडते. हे सेटिंग पुरवठ्याच्या ताकदीप्रमाणे खाली आणावे. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये पुरवठ्याचे व्होल्टेज उतरले की चार्जिंगही मंदावते. म्हणून लाइनच्या टोकाशी असलेल्या मळ्यावर पुरवठ्याचे व्होल्टेजही मोजावे.

काही जुन्या यंत्रांत बॅटरीची तार सोडताच सर्व सेटिंग पुसले जाऊन कारखान्यातील मूळ सेटिंग परत येते. त्यामुळे बॅटरी बदलल्यावर किंवा दुरुस्तीनंतर ही चारही सेटिंग पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

लक्षणांवरून निदान

पाणी वारंवार घालावे लागते, बॅटरी तापते व उग्र वास येतो : व्होल्टेज जास्त, किंवा उन्हाळ्यात ‘थंड’ सेटिंग.

दिवे थोड्याच वेळात मंदावतात व सर्व घरांची घनता कमी भरते : व्होल्टेज कमी, प्रकार चुकीचा, क्षमता अधिक दाखविलेली, किंवा वीज पुरेसे तास मिळत नाही.

वीज जोडताच फ्यूज जातो किंवा जनरेटर दबते : बाहेरून घ्यावयाच्या प्रवाहाचे सेटिंग अधिक.

सेटिंग ठीक आहे, घनताही ठीक आहे, तरी वीज पुरत नाही : बॅटरीवरील भार अधिक. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मी वीज काढणे बरे. ती ७५ गुणिले १२, म्हणजे ९०० वॅट-तास. हानी वजा जाता सुमारे ७६५. ७५ वॅटचा एक पंखा व १० वॅटचे तीन दिवे त्यावर सुमारे ७ तास चालतील. याहून अधिक अपेक्षा करणे म्हणजे बैलावर दुप्पट ओझे लादण्यासारखे आहे.

निगा व नोंद

बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार प्लेटांना घातक असतात. पातळी उतरली म्हणून आम्ल घालू नये. उडते ते पाणी, आम्ल नव्हे. प्लेटा उघड्या पडल्या नसल्यास पाणी चार्जिंगनंतर भरावे. वाहन उभे राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गटात एक हायड्रोमीटर व एक मल्टिमीटर उपलब्ध करून घ्यावे आणि वरील तपासणी शेतकऱ्यांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येक बॅटरीसाठी एक वही करून तीत दर महिन्यास तारीख, सहा घरांची घनता, चार्जिंगचे व्होल्टेज, घातलेले पाणी व चार सेटिंगची स्थिती यांची नोंद ठेवावी. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून दोष कोणत्या बाजूस आहे, हे कोणासही वाचता येईल.

एवढे करूनही एखादे घर सुधारत नसेल, तर बॅटरी बदलणे प्राप्तच आहे. जुनी बॅटरी मात्र शेतात फोडू नये व आम्ल बांधावर ओतू नये. त्यातील शिसे मातीत व पाण्यात शिरून माणसांना व जनावरांना विषबाधा करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावी. त्याच दिवशी, नव्या बॅटरीची तार जोडण्यापूर्वी, तिच्या लेबलाप्रमाणे चार्जरचे सेटिंग करून घ्यावे. अन्यथा नवी बॅटरीही जुनीच्याच मार्गाने जाईल.