विजेने गायिलेले दहा राग

एक प्रयोग करा. एकाच सुरात 'ऊ' म्हणा आणि सूर न बदलता हळूहळू 'ई'वर या. घशातले कंपन तेच राहिले, तरी आवाज पालटला ना? तोंडाच्या पोकळीचा आकार बदलताच आवाजातले काही बारीक स्वर दबले, काही उठून आले. तुमचे तोंड ही ध्वनीची गाळणीच आहे!

सिंथेसायझर या वाद्यात हे काम वीज करते. आत तार नाही की कातडे नाही. एक विद्युत्‌मंडल घशासारखी कंपने निर्माण करते, दुसरे ती गाळते. गाळणीचे बटण फिरवले की घुमा आवाज टोकदार होतो.

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी अशा यंत्रांवर दहा राग वाजवून 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांच्याजवळ रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे होती : तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८.

तालयंत्राची गंमत पाहा. त्याच्या ढोलाचा आवाज आधी मुद्रित करून ठेवलेला नाही. झोपाळ्याला एकच धक्का दिला, की तो झुलत झुलत थांबतो ना? तसाच विजेचा धक्का मंडलाला बसतो. 'धुम्म' होते आणि विरून जाते.

पण यंत्राला राग गाता येईल का? हार्मोनियमवर मींड निघत नाही, हे तुम्ही ऐकले असेल. तिथे पट्टीगणिक स्वर ठरलेला. आणि राग म्हणजे तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणेही. सिंथेसायझरमध्ये मात्र स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरते. टीबी-३०३मध्ये दाब १ व्होल्टने वाढला, की स्वर एक सप्तक चढतो. हा दाब एकदम न बदलता क्रमाने बदलला, की सूर घसरत जातो! तशी सोय ज्युपिटरमध्येही आहे. गवयाच्या मींडेची लवचिकता तिला नाही, हे कबूल. पण हार्मोनियमपेक्षा ती रागाच्या जवळ जाते.

मुद्रिकेला तेव्हा फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी टीबी-३०३ची बटणे वाजता वाजता फिरवली आणि 'अ‍ॅसिड' नावाचे नृत्यसंगीत गाजले. २०१० साली सिंगांची मुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. हाच आवाज, आणि मुंबईत पाच वर्षे आधी? सिंग २०१५ साली वारले. हे कौतुक त्यांना पाहायला मिळाले.

तुम्ही भूप शिकला असाल, तर या मुद्रिकेतला भूपाली मिळवून ऐका. खर्जातला आवाज 'ऊ'कडून 'ई'कडे केव्हा सरकतो, तेवढे टिपा.