अण्णांना कुठे ठेवायचं?

शेवट काशीत व्हावा, मणिकर्णिका घाटावर अग्नी मिळावा, असं माझे वडील अण्णा धडधाकट असल्यापासून म्हणत. आई गेली, डिमेन्शिया वाढला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता त्यांना काशीवासालाच न्या. घाटामागच्या गल्लीत खोली मिळाली आणि मी त्यांच्यासोबत राहिले.

त्या गल्लीतून दिवसरात्र तिरड्या जातात. ‘राम नाम सत्य है’ कानावर आलं की अण्णा उठून बसत. “कोण गेलं गं?” पाठोपाठ, “आणि आई कुठाय?” ती गेली असं एकदा कोणीतरी सांगितलं, तर ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ओक्साबोक्शी रडले. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. पुढे मी म्हणू लागले, “आठवण येतेय ना तिची? तिच्या शिलाई मशीनचं सांगा ना.” मग ते सांगत बसायचे आणि शांत व्हायचे. अशा माणसाला दर वेळी खरं सांगून दुरुस्त करू नका. त्याच्यासाठी तो दर वेळी नवा मृत्यू असतो.

एका रात्री ते कडी काढून बाहेर पडले. सापडले ते लाकडाच्या ढिगांमधल्या तराजूपाशी. ‘वजन नीट बघून घ्या’ म्हणून लोकांना बजावत होते. उभी हयात मार्केट यार्डात गेलेली. मणिकर्णिका रात्रभर जागी असते, म्हणून कोणीतरी त्यांना चहाच्या दुकानात बसवून ठेवलं. पलीकडे निसरड्या पायऱ्या आणि गंगा.

गोदौलियाजवळच्या काशी लाभ मुक्ती भवनाचं नाव अनेकांनी सुचवलं. १९५८ पासून ते चालू आहे, पण ते अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्यांसाठी. साधारण पंधरवड्याची मुदत. डिमेन्शिया वर्षानुवर्षं चालतो. काशीत मरण यावं ही इच्छा आणि आजारपणाची ही वर्षं कुठे काढायची, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा. पहिल्याचं उत्तर माणूस बोलू शकतो तोवर त्याच्याकडून घ्या. दुसऱ्याचं कोणत्याही तीर्थक्षेत्राकडे नाही.

आम्ही त्यांना पुण्याला परत आणलं. सुरुवातीला घरीच, ब्यूरोच्या मावशी ठेवून. ओळखीची खोली, ओळखीचा चहा, ठरलेली वेळ यांनी बरंच निभावतं. रात्री नीट झोप लागत असेल आणि घरात आलटून पालटून बघणारी माणसं असतील, तर घराइतकं चांगलं काही नाही. पण रात्रीची भटकंती, अंघोळीला मारहाण, उचलताना दोघं लागणं सुरू झालं आणि सांभाळणारी एकच बाई असेल, तर डिमेन्शियाच्या माणसांना सांभाळणाऱ्या केंद्राचा विचार लगेच करा. तिने अंथरूण धरेपर्यंत थांबू नका. आमच्याकडे केंद्राची वेळ आली. माणूस एकाएकी, दोन दिवसांत जास्त भ्रमिष्ट झाला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग किंवा नवीन गोळीही कारण असू शकते.

केंद्र बघायला संध्याकाळी जा. दिवस कलला की बऱ्याच जणांची अस्वस्थता वाढते, तेव्हा तिथले लोक काय करतात ते दिसतं. रात्री किती माणसं असतात? अंघोळीला नाही म्हटलं तर काय करता? बांधून ठेवता का, झोपेचं औषध कोणाच्या सांगण्यावरून देता? अंथरुणाला खिळल्यावर ठेवाल की परत पाठवाल? डायपर, औषधं, अनामत धरून महिन्याचा आकडा लेखी मागा. नुसत्या वृद्धाश्रमात अशा माणसाला सांभाळणं जमेलच असं नाही. बाहेरच्या दाराची व्यवस्था स्वतः बघा. शक्य असेल तर आधी थोडे दिवस ठेवून पाहा.

‘बापाला टाकलं’ असं लोक म्हणतात. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाऱ्यावर सोडून देण्याला गुन्हा ठरवतो; नीट चौकशी करून ठेवणं आणि येत-जात राहणं याला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. या सगळ्यांच्या घरी रात्रभर जागायला कोणी मोकळं नसतं. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर विचारायला संकोचू नका. आणि भावंडांत जो सल्ला देईल, त्याने महिन्यातल्या ठरावीक रात्री किंवा ठरावीक रक्कम स्वतःच्या अंगावर घ्यावी, हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा.