पाळीचा हिशेब : मुलींच्या एका सामान्य विकाराचा परिचय

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत मुलींच्या मासिक पाळीविषयी लेख पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटेल. कदाचित थोडा संकोचही वाटेल. परंतु मुलींच्या शिक्षणाला आणि गरजूंच्या औषधोपचाराला हातभार लावणाऱ्या संस्थेच्या पानांवर हा विषय यावा, असे आम्हांस विचारपूर्वक वाटते. आम्ही शाळेत शिकवतो. हुशार मुलगी नववी-दहावीत एकाएकी मैदानावर येईनाशी होते, ओढणीने हनुवटी झाकू लागते, मागच्या बाकावर जाऊन बसते, हे आम्ही पाहतो. कारण विचारले तर ती सांगत नाही, आणि पुष्कळदा तिला स्वतःलाही ते ठाऊक नसते. ज्या विकारामुळे असे घडू शकते त्याची ओळख करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. औषध सांगणे हे आमचे काम नव्हे; ते डॉक्टरांचे.

लोकांच्या तोंडी या विकाराचे नाव ‘पीसीओडी’ असे आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत त्यास ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील स्त्रियांपैकी १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो, आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपणांस तो आहे याचा पत्ताही नसतो. वर्गाच्या भाषेत सांगायचे तर, आज एका वर्गात बसलेल्या चाळीस मुलींपैकी चार-पाच जणींना पुढे कधी ना कधी याच्याशी गाठ पडण्याचा संभव आहे.

नावाने होणारा घोटाळा

सीमाभागातील आपल्या घरांत मराठी, बाजारात कानडी, शेजारी उर्दू, आणि दवाखान्यातील कागद मात्र इंग्रजीत, अशी स्थिती असते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ हा शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. अंडाशयात गाठी झाल्या, आता शस्त्रक्रिया करावी लागणार, मुलीला मूल होणार नाही, असे तर्क एका संध्याकाळी नातेवाइकांत पसरतात.

वस्तुतः या गाठी नव्हेतच. स्त्रीच्या अंडाशयात बीज धारण करणाऱ्या अतिशय लहान पुटिका असतात. दर महिन्याला त्यांतील काही वाढू लागतात, एक पुढे जाते आणि तिच्यातून बीज बाहेर पडते. या विकारात पुटिका वाढू लागतात खऱ्या, पण थोड्या मिलिमीटरांवर येऊन थांबतात. शर्यतीत पुष्कळ मुलांना उभे करावे, शिट्टी वाजावी, आणि कोणीच शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचू नये, तसा हा प्रकार होय. सोनोग्राफीत दिसतात त्या या थांबलेल्या पुटिका. हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदलावे, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१२ साली केली होती. असो.

शरीरात काय घडते

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिच्यातून निघणारी दोन संप्रेरके अंडाशयाचा कारभार चालवितात. एक पुटिका वाढविते, दुसरे बीज बाहेर पाडते. या विकारात पुष्कळदा दुसऱ्याचा जोर प्रमाणाबाहेर होतो. त्यामुळे अंडाशयातून पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण होतात. ही संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात अल्प प्रमाणात असतातच. ती वाढली की हनुवटीवर व ओठांवर राठ केस येणे, मुरूम उठणे, डोक्यावरचे केस विरळ होणे ही लक्षणे दिसू लागतात.

याच्या जोडीला इन्सुलिन येते. अन्नातील साखर पेशींत पोहोचविणारे हे संप्रेरक स्वादुपिंडात तयार होते. या विकाराच्या पुष्कळ स्त्रियांत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडते. हे वाढलेले इन्सुलिन दोन ठिकाणी जाऊन बिघाड वाढविते. अंडाशयाला ते अधिक पुरुषी संप्रेरक तयार करावयास लावते. आणि यकृतात तयार होणारे, या संप्रेरकाला बांधून ठेवणारे एक प्रथिन ते कमी करते. म्हणजे उत्पन्न वाढले आणि राखणदार घटला! मानेवर, काखेत काळपट मखमली डाग दिसतात, ते पुष्कळदा या वाढलेल्या इन्सुलिनची खूण असतात. ते घासून जात नाहीत, आणि त्यासाठी मुलीला अस्वच्छ म्हणणे हा अन्याय आहे.

शोधाची वाटचाल

१७२१ साली इटलीतील वैद्य अंतोनियो वाल्लिस्नेरी यांनी एका विवाहित, मूल न झालेल्या शेतकरी तरुणीच्या मोठ्या, पांढुरक्या, चकचकीत अंडाशयांचे वर्णन लिहून ठेविले. पुढे दोन शतकांनी, १९३५ साली, शिकागोचे डॉक्टर अर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी शस्त्रक्रियेने अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा तुकडा काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. अनेक वर्षे या विकाराला या दोघांचेच नाव होते.

१९६१ साली क्लोमिफेन या औषधाने बीज बाहेर पडू शकते असे दिसून आले, आणि पुढे पुष्कळ स्त्रियांची शस्त्रक्रिया टळली. १९८० साली या विकारातील इन्सुलिनचा संबंध उघड झाला. तेव्हापासून हा केवळ अंडाशयाचा नव्हे, तर सर्व शरीराचा विकार आहे, हे समजू लागले.

विद्येत मते कशी तपासली जातात याचे एक उदाहरण येथेच आहे. लेट्रोझोल नावाचे, मूळचे स्तनाच्या कर्करोगावरील औषध बीज बाहेर पडण्यासाठीही उपयोगी पडते. आपल्या देशात २०११ साली या उपयोगास बंदी झाली. २०१४ साली अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. २०१७ साली आपल्याकडील बंदी उठली, आणि २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत मूल हवे असणाऱ्या अशा स्त्रियांसाठी हे औषध पहिल्या पसंतीचे ठरले.

निदान कसे होते

२००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या नियमाप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात : पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकाची वाढ (लक्षणांत किंवा रक्तात), आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या पुष्कळ पुटिका. १९९० सालचा जुना नियम याहून कडक होता. नियम बदलला की आकडा किती बदलतो पाहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात १८ ते ४० वयाच्या ९,८००हून अधिक स्त्रिया तपासल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत जुन्या नियमाने ७.२ टक्के आणि रॉटरडॅमच्या नियमाने १९.६ टक्के हे प्रमाण आले. स्त्रिया त्याच, मोजपट्टी वेगळी! म्हणून कोणी नुसती टक्केवारी सांगून भीती घातली, तर ‘कोणत्या नियमाने?’ असे विचारावे.

वयात येणाऱ्या मुलींसाठी नियम आणखी निराळा आहे, आणि पालकांनी तो मुद्दाम ध्यानात ठेवावा. पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षेपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, कारण या वयात निरोगी मुलीच्या अंडाशयातही पुष्कळ पुटिका दिसतात. पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकाची वाढ या दोन्ही गोष्टी असतील तरच मुलीला हे नाव लावावे.

अनियमित कशाला म्हणावे? पहिले वर्ष पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांतील अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ४५ दिवसांहून जास्त असू नये. तीन वर्षांनंतर ही मर्यादा २१ ते ३५ दिवस अशी होते. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी अंतर ९० दिवसांपलीकडे गेले, किंवा पंधरा वर्षांपर्यंत पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा दोष व इतर काही विकार अशीच लक्षणे दाखवितात; ते नाहीत याची खात्री रक्त तपासून करून घ्यावी लागते.

उपचार

हा विकार एका गोळीने कायमचा जात नाही, पण तो ताब्यात ठेवता येतो. पहिला उपाय घरातलाच आहे. मोठ्या स्त्रीने आठवड्यातून निदान १५० मिनिटे अंग तापेल असे चालावे किंवा काम करावे; वाढत्या मुलीला रोज तासभर खेळ हवा. कोणताही एक खास आहार इतरांहून श्रेष्ठ ठरलेला नाही. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, दही हे आपले रोजचे जेवण चांगले आहे. बाटलीतील गोड पेये व बेकरीचा माल आवरावा. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. मात्र सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. म्हणून ‘खा खा सुटली म्हणून झाले’ असे कोणी म्हणू नये.

पाळी नियमित करण्यासाठी व केस-मुरूम कमी करण्यासाठी डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देतात. त्या संततिनियमनाच्याच असतात, म्हणून कुमारिकेला त्या दिल्या की घरचे बिथरतात. येथे त्या औषध म्हणून दिल्या जातात, हे समजून घ्यावे. रक्तदाब, रक्ताची गुठळी, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असणाऱ्यांना त्या चालत नाहीत. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नयेत. इन्सुलिनच्या दोषावर मेटफॉर्मिन देतात. ते घेणाऱ्या स्त्रीने रोजे किंवा उपवास धरण्यापूर्वी वेळ व मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी. केसांवर औषधाचा गुण दिसण्यास निदान सहा महिने लागतात. महिनाभरात धीर सोडू नये.

पाळी नाही तर कटकट नाही, असे काही जणी समजतात. ही समजूत घातक आहे. चार-चार महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचे आतील अस्तर वाढत राहते, आणि पुढील आयुष्यात तेथील कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेहाचा धोकाही वाढतो. म्हणून साखरेचे पाणी पाजून करावयाची रक्ततपासणी करून घ्यावी व पुढेही ठराविक काळाने करीत राहावी. या स्त्रियांत उदासीनता व चिंता अधिक आढळते. तिला ‘नखरे’ न म्हणता तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी.

घराचे काम

‘लग्न झाले की सगळे ठीक होते’ हे वाक्य आमच्या कानांवर वारंवार येते. लग्न हा उपचार नव्हे. उलट विकार लपवून लग्न करून दिल्यावर दोन वर्षांत मूल झाले नाही, तर सारा दोष त्या मुलीच्या माथी येतो. खरे पाहता या विकाराच्या बहुतेक स्त्रियांना मूल होऊ शकते. काहींना औषधाची मदत लागते, आणि गरोदरपणी साखर व रक्तदाबावर अधिक लक्ष ठेवावे लागते. ही गोष्ट मुलीला, तिच्या आईला आणि होणाऱ्या सासूलाही ठाऊक असली पाहिजे. मुलगे आणि वडील यांनीही हा लेख वाचावा. दवाखान्याचे पैसे आणि परवानगी पुष्कळ घरांत त्यांच्याच हाती असतात.

शेवटी एक सोपे काम सांगतो. आईने, मावशीने किंवा खालाने मुलीला एक लहान वही द्यावी आणि प्रत्येक पाळीची पहिली तारीख तीत लिहावयास शिकवावे. दोन तारखांची वजाबाकी तिसरीतल्या मुलीलाही येते. सहा महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेविली, तर अर्धा इतिहास न बोलता सांगून होतो, आणि लाजणाऱ्या मुलीची मोठी अडचण दूर होते. न्यासाच्या सभासदांनी आपापल्या घरी एवढे केले आणि डॉक्टर भगिनींचे वर्षातून एक व्याख्यान माता-मुलींसाठी ठेविले, तर त्यास फारसा पैसा लागणार नाही. आणि मागच्या बाकावर गेलेल्या काही मुली तरी पुन्हा पुढे येऊन बसतील.