पटावरील नावाचा शोध व यंत्राचे उत्तर

परगावाहून आलेल्या मुलाचे नाव आपल्या पटावर पूर्वीच आहे काय, हे शिक्षकास पाहावे लागते. वसई-विरारसारख्या सतत ये-जा असलेल्या भागात हे काम वर्षभर पुरते. ते संगणकाकडून करवून घेण्याची आज्ञा मात्र अगदी लहान आहे. पायथन या संगणकीय भाषेत प्रथम शोधावयाचे नाव, मग ‘इन’ हा शब्द व शेवटी यादीचे नाव लिहावे; यंत्र ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’, म्हणजे आहे अथवा नाही, असे उत्तर देते.

हे ‘नाही’ शिक्षकबंधुभगिनींनी जपून स्वीकारावे. यंत्र यादीतील एकेक नोंद वरपासून घेते व ती तंतोतंत जुळते काय, एवढेच पाहते. ‘विरार’ या शब्दानंतर चुकून एक कोरी जागा राहिली, तर यंत्राच्या लेखी ते गाव निराळे! संख्या म्हणून लिहिलेला सात आणि मजकूर म्हणून लिहिलेला सात हीदेखील भिन्न मूल्ये होत. मराठीत याहून सूक्ष्म अडचण आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन रीतींनी टंकित करता येतो. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्रास नाही. तेव्हा शोधापूर्वी दोन्ही बाजूंची नावे एकाच रीतीने लिहून, कडेच्या कोऱ्या जागा काढून टाकणे अवश्य आहे. अन्यथा पटावर असलेल्या मुलाची दुसरी नोंद होते, किंवा लाभाच्या यादीतून ते वगळले जाते. यांत दुसरा प्रकार अधिक वाईट; कारण वगळलेले मूल तक्रार करीत नाही.

‘आहे’ हे उत्तरही कधी फसवे असते. गावांची नावे स्वतंत्र नोंदी म्हणून न ठेवता एकाच ओळीत सलग लिहिली, तर ‘इन’ हा शब्द त्या अक्षरांच्या ओळीतील तुकडाही शोधतो. ओळीत केवळ ‘नालासोपारा’ असताना ‘सोपारा’ विचारल्यास उत्तर ‘आहे’ असे येईल. अशोकाच्या शिलालेखांमुळे प्रसिद्ध असलेले ते प्राचीन बंदर आणि रेल्वे स्थानकाचे नाव यांतील भेद यंत्रास कोठून ठाऊक असणार? नोंदी स्वतंत्र ठेवल्या की तेच यंत्र ‘नाही’ म्हणते.

जुन्या इंग्रजी कागदांत वसईचा उल्लेख ‘बसीन’ असा आढळतो. अशा पर्यायी नावांसमोर एकच मान्य नाव लिहून निराळा तक्ता करावा व शोध त्यानंतर घ्यावा. हे काम गाव जाणणाऱ्या शिक्षकाचेच आहे.

वर्गात संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो. दहा चिठ्ठ्यांवर आगाशी, अर्नाळा, निर्मळ, पारोळ अशी गावे लिहावी. एकीवर ‘नाला सोपारा’ असे मुद्दाम तोडून लिहावे. एका मुलाने यंत्र व्हावे व अक्षर न् अक्षर जुळल्याखेरीज ‘आहे’ म्हणू नये. ‘नालासोपारा’ विचारताच तो ‘नाही’ म्हणेल आणि वर्गात गलका होईल. अशा वेळी शिक्षकाने कारण सांगू नये. चिठ्ठी फळ्याला लावून मुलांना ती पाहू द्यावी.