भरलेली पिकअप आणि आंबा घाट

मोसमात रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या कोल्हापूरला न्यायच्या आणि येताना गूळ, कांदा-बटाटा भरून आणायचा, हा आमचा धंदा. मध्ये आंबा घाट. चढताना गाडी कुरकुरते, एवढंच. परीक्षा असते ती साखरप्याकडे उतरताना.

१. गिअर आंबा गावातच ठरवायचा. उताराला वेग धरल्यावर खालचा गिअर नीट पडत नाही, आणि बदलण्याच्या त्या क्षणी गाडी न्यूट्रलला असते. सुटते ती तिथेच. ‘ज्या गिअरने चढवली त्याच गिअरने उतरव,’ असं जुने ड्रायव्हर सांगतात. पण जाताना हलकी आणि येताना ठासून भरलेली असली, तर आणखी एक गिअर खाली.

२. ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. नीट दाबायचा, वेग पाडायचा, पूर्ण सोडायचा. सतत अर्धवट दाबून ठेवला की लायनर तापतात आणि जळका वास सुटतो. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. तेल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल भसकन खाली जातं. वास आला की रुंद जागा बघून थांबावं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तडा जातो. जुनं ऑइल ओल धरतं आणि लवकर उकळतं, तेव्हा त्या खर्चात कंजुषी नको.

३. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात. हल्लीच्या डिझेल गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र ते चालू ठेवायला जातं. म्हणजे वाचत काहीच नाही! इंजिनच बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर दोन-चार दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

४. जड माल खाली आणि केबिनच्या बाजूला. सगळं वजन मागे गेलं तर चढावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं.

५. पावसात रिकामी पिकअप भरलेलीपेक्षा बेभरवशाची. मागे वजन नाही, शेपूट घसरते.

६. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्याला आधी वाट. 2017 च्या वाहन चालविण्याच्या नियमांतही हेच आहे. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लचचं काय होतं, ते क्लच प्लेटचं बिल भरणाऱ्याला विचारा.

७. धुक्यात हाय बीम नको, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवणंही चूक. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळायचं कसं?

८. थांबलात तर चढाला तोंड असताना पहिला गिअर, उताराला असताना रिव्हर्स. हँडब्रेक ओढायचा, चाकाला दगड लावायचा. आणि निघताना तो दगड उचलून गटारापलीकडे टाकायचा. यावरून मी क्लीनरशी भांडतो. रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो दिसत नाही.