मनाचे दुखणे आणि देहाची साक्ष

रिसोड तालुक्यातील रिठद येथे सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले, त्याला आता तीन वर्षे होतील. कीर्तन आटोपून आम्ही बिऱ्हाडी आलो, तो पन्नाशीची एक बाई दर्शनाला आली आणि पदर पसरून म्हणाली, “महाराज, मले अंगारा द्या जी. दोन सालं झाले, पोटात गोया उठते, छाती धडधडते, हाताले मुंग्या येतात, रातभर डोया लागत नाई. रिसोड झालं, वाशीम झालं, अकोला झालं. पट्टी काढली, फोटो काढला, रगत तपासलं. डाक्टर म्हनते, काहीच नाई. घरचे म्हनते, सोंग करते.”

त्या वेळी रात्रीचे साडेअकरा झाले होते. आम्ही थकलेले. “माय, नाम घ्या, सारे बरे होईल,” इतके बोलून आम्ही तिची बोळवण केली. ती गेली. आमचे बोलणे खोटे नव्हते, पण अपुरे होते. तिने जे सांगितले ते आमच्या कानी पडले, आम्ही ऐकले मात्र नाही. ह्या चुकीची जाण आम्हांस पुढे कशी आली, तेच आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम शास्त्र पाहू. गीतेचा पहिला अध्याय आपण नित्य वाचतो. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहिला आणि समोर आजोबा, गुरू, भाऊ, मुले दिसली, तेव्हा अर्जुनाला काय झाले? त्याची गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, रोमांच उभे राहिले, हातातून गांडीव गळाले, त्वचेचा दाह होऊ लागला, उभे राहवेना, मन भ्रमू लागले. अहो, अजून एकही बाण सुटला नव्हता! अंगावर ओरखडा नाही, आणि तरी एवढा महारथी खाली बसला. हे सोंग होते काय? भगवंतांनी आधी त्याला टोचून पाहिले. ही दुर्बळता तुला शोभत नाही, असे म्हटले. त्याने भागले नाही. दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःच सांगतो की, हा शोक माझी इंद्रिये सुकवून टाकतो आहे. म्हणजे रोग्यानेच निदान केले. पुढे भगवंतांनी त्याचा प्रत्येक प्रश्न ऐकला, प्रत्येकाला उत्तर दिले. मग तो उठला.

आयुर्वेदाचीही साक्ष आहे. चरकसंहितेत अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत वात, पित्त, कफ आणि सन्निपात ह्यांच्या जोडीला भयज आणि शोकज असे दोन वेगळे मोजले आहेत. काम, शोक, भय आणि क्रोध ह्यांनी येणारा ज्वरही तेथे आहे. अधिक मोलाची गोष्ट पुढेच आहे. भयाच्या व शोकाच्या अतिसारावर चरकाचार्य वातहर औषध सांगतात आणि त्याच जोडीने हर्षण व आश्वासन सांगतात. म्हणजे रोग्याचे मन प्रसन्न करणे आणि त्याला धीर देणे. औषध टाकले नाही, आश्वासनही टाकले नाही. ह्या लेखाचे सार एवढेच आहे.

आपल्या बोलीला तर हे पूर्वीपासून ठाऊक आहे. वाईट निरोप आला की छातीत धस्स होते, पोटात कालवते, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, घशाशी आवंढा येतो. हे नुसते बोलण्याचे अलंकार नव्हेत. मनुष्य घाबरला म्हणजे मेंदूकडून निरोप सुटतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन लहान ग्रंथी असतात त्या आपला रस रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालते, श्वास भरभर होतो, स्नायू ताठतात, पोटाकडचे रक्त हातापायांकडे वळते, तोंड कोरडे पडते. समोर वाघ आला तर पळण्यासाठी ही सोय फार चांगली. वाघ गेला की सारे घटकाभरात शांत होते. परंतु कर्जाचा वाघ जात नाही. रुसून गेलेल्या मुलाची काळजी जात नाही. मग ताठलेले स्नायू ताठलेलेच राहतात आणि मान, पाठ, डोके दुखू लागते. सतत भरभर श्वास घेतल्याने रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि हाताला, ओठांना मुंग्या येतात. पोटाचे काम बिघडते. तपासणीत व्रण दिसत नाही, गाठ दिसत नाही. पण दुखणे खरेच असते.

शोक हृदयापर्यंतही पोहोचतो. १९९० साली जपानी वैद्यांनी एक विकार वर्णन केला. जबर मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग फुगून दुबळा होतो. त्याचा आकार तेथील कोळ्यांच्या अष्टपाद पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ हे त्या मडक्याचेच नाव मिळाले. पुष्कळ रोगी काही आठवड्यांत सुधारतात, पण क्वचित प्राणावरही बेतते. तेव्हा “दुःखाने ऊर फुटला” असे कोणी म्हणाले, तर हसू नये.

आता आमची गोष्ट. रिठदहून परतल्यावर काही महिन्यांत आमचा धाकटा भाऊ गेला. तीस वर्षे तोच आमच्यामागे पखवाजाला बसत असे. तेराव्याला लोक आमच्याकडे पाहत होते. आत्मा अमर आहे असे गावोगाव सांगणारा बुवा रडेल कसा? आम्ही रडलो नाही. पंधरवड्याने कीर्तनास उभे राहिलो, टाळ सुरू झाले, आणि कंठातून शब्दच फुटेना. नुसता वारा. काढे झाले, गुळण्या झाल्या. घशाच्या वैद्यांनी दुर्बीण घालून पाहिले आणि म्हणाले, “महाराज, स्वररज्जू उत्तम आहेत. तुमचा खोकला खणखणीत येतो, मग आवाज गेला कुठे?” आम्हांला राग आला. हा मनुष्य आम्हांस ढोंगी समजतो की काय! त्याच क्षणी रिठदची ती माउली डोळ्यांपुढे उभी राहिली.

पाठशाळेत आम्ही अष्टसात्त्विक भाव घोकले होते: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. मनातला भाव अंगावर उमटतो, हेच ह्या आठांचे वर्म. जन्मभर लोकांना सांगितले. स्वतःचा स्वरभंग मात्र ओळखता आला नाही. अश्रूंची वाट आम्ही अडवली, तेव्हा दुःख दुसऱ्या वाटेने आले. एके संध्याकाळी जुने टाळकरी घरी आले. त्यांनी उपदेश केला नाही; “त्याचा हात कसा होता हो!” एवढेच म्हणाले आणि गप्प बसले. त्या दिवशी आम्ही पोटभर रडलो. पुढे आवाजाचे शिक्षण देणाऱ्या एका बाईंनी खोकल्यावरून हुंकार, हुंकारावरून स्वर, असा अभ्यास करून घेतला. दीड महिन्याने कंठ उघडला. रडणेही लागले आणि उपचारही लागला.

येथे एक इशारा दिला पाहिजे. प्रत्येक दुखणे मनाचेच, असे समजणे हा उलटा अपराध होय. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला, एका बाजूचे बळ गेले, तोंड वाकडे झाले, वजन उतरू लागले, थुंकीतून वा शौचातून रक्त पडले, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. आधी देह तपासावा. तपासणी निर्मळ आली तर “काही नाही” म्हणून उठू नये. तेथून दुसरी तपासणी सुरू होते. तिला यंत्र लागत नाही, तीन प्रश्न लागतात: हे केव्हापासून? त्या सुमारास घरात काय घडले? रात्री जाग येते तेव्हा मनात काय येते? आणि उत्तर संपेपर्यंत आपण बोलू नये. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे. ते देवाच्या कथेपुरते ठेवून दाराशी आलेल्या माणसाला नाकारणे बरे नव्हे.

पुढल्या वर्षी आम्ही रिठदला पुन्हा गेलो, त्या माउलीला बोलावणे धाडले आणि आमची चूक तिच्यापुढे कबूल केली. मग विचारले, “माय, हे केव्हापासून?” बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “सोयाबीन पावसानं सडलं तवापासून. मालक बोलतच नाई कोनाशी. रातच्याले उठून बसते. मले भेव वाटते, कायी बरंवाईट करून घेतीन.” दोन वर्षे ती बाई रात्रभर नवऱ्यावर पहारा देत होती! पोटातला गोळा तो तोच. आणि हे तिला कोणीही विचारले नव्हते, आम्हीसुद्धा.

अशा वेळी अंगारा पुरत नाही आणि देवऋषी तर नकोच. तिच्या संमतीने आम्ही गावच्या आशाताईंना बोलावले आणि त्या दोघांना वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. त्याच्यावर औषध सुरू झाले. तिच्याशी बोलायला एक समुपदेशक मिळाली. आपल्या भागाची ही व्यथा शासनासही ठाऊक आहे. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला, त्यात वाशीम होता. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमाने गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर विचारपूस केली. उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी आधी शेकडा ४ उपचारास जात होते, नंतर २७ जाऊ लागले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. कोणी विचारले, म्हणून लोक बोलले. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत सोय आहे; मराठीतही बोलता येते. दिंडीच्या विणेकऱ्याने व चोपदाराने हा क्रमांक पाठ करून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. ज्याच्या तोंडी “आता जगून काय करू” असे शब्द येतील, त्याला एकटे सोडू नये.

यंदा ती दोघे काल्याला आली होती. “गोया गेला का माय?” आम्ही विचारले. ती हसली. “उठते कदी कदी. पन आता आमी दोघं बोलतो जी.” मालक मागे उभे होते. त्यांनी बुक्क्याची पुडी आमच्या हाती दिली आणि म्हणाले, “महाराज, तुमचे भाऊ गेले म्हनून आयकलं. बसा, सांगा.” आम्ही बसलो आणि सांगू लागलो.