पत्ता अडला कोठें?

त्र्यंबकेश्वरीं उतरलेला यात्रेकरू आपलें गांव व आडनांव सांगतो, आणि ज्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत त्याच्या पूर्वजांचीं नांवें असतील, ते त्याची व्यवस्था पाहतात. जाळ्यांत नव्यानें शिरणारा संगणकहि असाच पुकारा करतो, “मला कोणी पत्ता देईल काय?” राउटर म्हणतो, “हा घे.” संगणक तोच पत्ता रीतसर मागतो, आणि राउटर “दिला” असें कळवितो. ह्या चार निरोपांच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले. मिळालेला आयपी पत्ता मात्र कायमचा नसतो. त्यास मुदत असते. ही मुदत विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिनेंच आम्हांस फसविलें.

पावसाळ्यांत आमच्या संगणकशाळेच्या भिंतीस ओल आली, म्हणून एके दुपारीं कपाट सरकवून स्विचच्या सर्व तारा काढल्या व पुन्हा लाविल्या. त्या दिवशीं कांहींच बिघडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र एकामागून एक संगणक जाळ्यांतून गळूं लागले. आदल्या दिवशींच्या तारांचा ह्याशीं संबंध असेल, हें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. कोणी म्हणाले, स्विच जळाला, नवा आणावा. (अडचण आली कीं सर्वांत महाग वस्तूवर संशय घ्यावयाचा, ही मनुष्याची जुनी खोड आहे!)

गळलेल्या संगणकाचा पत्ता आम्हीं पाहिला. तो १६९.२५४ ह्या आंकड्यांनीं सुरू होत होता. पुकाऱ्यास उत्तर न मिळाल्यास संगणक स्वतःच असा पत्ता धारण करतो. त्यानें राउटरपलीकडे जातां येत नाहीं. तार बदलली, स्विच बंद करून चालू केला, व्यर्थ. मग तोच संगणक स्विच वगळून थेट राउटरला जोडला, तों क्षणांत पत्ता मिळाला. अर्थात् राउटर निर्दोष.

संगणक पुन्हा स्विचला जोडून त्यास एक रिकामा पत्ता आम्हीं हातानें लिहून दिला. आश्चर्य असें कीं, राउटरशीं त्याचें बोलणें सुरळीत सुरू झालें! तार चालते, स्विच निरोप पोंचवितो, राउटर उत्तर देतो. मग केवळ पत्त्याचेच निरोप कां अडावे? येथें आमच्या ध्यानांत आलें कीं हा बिघाड नव्हे, बंदी आहे.

कांहीं स्विचांत अशी पहाऱ्याची सोय असते. एखाद्यानें घरचा राउटर आणून जोडला, तर तो भलतेच पत्ते वाटूं लागेल. म्हणून पत्ता देणारीं उत्तरें स्विच केवळ नेमून दिलेल्या विश्वासू दारानेंच आंत घेतो, इतर दारांनीं आलेलीं टाकून देतो. आमच्या स्विचचें विश्वासू दार २४ वें होतें. राउटरची तार आम्हीं पहिल्या दारांत खोंवली होती. जुन्या पत्त्यांची मुदत चोवीस तासांची, म्हणून ती संपेपर्यंत संगणक चालत राहिले, आणि चूक एक दिवस झांकून राहिली.

तार २४ व्या दारांत लाविली, संगणकांना पुन्हा पत्ता मागावयास लाविलें, सर्वांना मिळाला. हातानें दिलेला पत्ता काढण्यास आम्ही जवळजवळ विसरलोंच होतों. तो तसाच राहता, तर पुढें राउटरनें तोच दुसऱ्यास दिल्यावर दोघांचा तंटा झाला असता. तो काढला, आणि राउटरच्या तारेस चिठ्ठी बांधली : “दार २४”.